वाळूवरचं पिल्लू

“आत गेलं की एक शब्द बोलायचा नाही,” सील-बचाव केंद्रातल्या फर्गलने शेडच्या कडीला हात लावत बजावलं. “माणसाच्या आवाजाची सवय लागली, की पिल्लू समुद्रात रमत नाही.”

छोट्या ग्रानियाने दोन्ही हात तोंडावर दाबले. मागच्या रविवारी वाळूवर एकटंच रडणारं ते सीलचं पिल्लू तिलाच आधी दिसलं होतं. डिंपनाने ते आपल्या कोटात गुंडाळून इथे आणून दिलं होतं.

डिंपनाच्या खिशात फोन थरथरला. तिने नाव पाहिलं. नोरीन. तिने तो कापला.

नोरीन ग्रानियाची आई. दारू सुटावी म्हणून हिवाळ्यात इस्पितळात गेली, ती पोरीला शेजारच्या डिंपनाकडे ठेवून. डिंपनाला मूल नव्हतं. आता तिच्या दाराशी इवलेसे बूट असत. रात्री कुणीतरी तिचा हात धरून झोपे. “आईचा फोन आला?” असं पोरीने विचारलं, की ती म्हणे, “नाही गं राणी.”

आत एक मुलगी पाठमोरी बसून पिल्लाला नळीने माशाची पेज पाजत होती. पिल्लाकडे बघतसुद्धा नव्हती. सगळे मुकाट पाहून बाहेर आले.

“आपलं पिल्लू कसलं गुबगुबीत झालंय!” ग्रानियाला राहवेना.

“आपलं? मालकीचा दाखला आणलायस का गं?” फर्गल हसला. मग डिंपनाकडे वळला. “एक सांगतो, बाई, मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांची हीच चूक होते. याला कुणी टाकलं नव्हतं. आई मासे धरायला जाते, तेवढं पिल्लाला वाळूवर ठेवते. आमची माणसं नंतर तिथे गेली, तर ती पाण्यातून डोकं वर काढून त्याच जागेकडे बघत होती.”

“मग परत का नाही दिलंत?” ग्रानियाने विचारलं.

“द्यायला नेलं गं. पण आम्ही पिल्लू घेऊन पोचेपर्यंत ती निघून गेली होती.”

डिंपना कोटाच्या बाहीवरचे वाळूचे कण झटकत राहिली. तिथे वाळू नव्हती.

फोन पुन्हा थरथरला. अंगठा सवयीने जायचा तिथेच गेला. थांबला. ती पोरीसमोर खाली बसली.

“घे. तुझी आई आहे.” तिने फोन पुढे केला. “रोज फोन करते.”

ग्रानियाने फोन कानाशी धरला. पलीकडून कुणी तिचं नाव घेत होतं. तिने शेडच्या बंद दाराकडे पाहिलं, मग डिंपनाकडे, आणि अगदी हळू विचारलं,

“मावशी, आता बोललं तर चालेल?”