तपासणीतला शेरा

बस डेपोच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी एका ड्रायव्हरचं लालबुंद नाक आणि गाल पाहिले आणि त्याच्या कागदावर शेरा मारला, 'दारूचं व्यसन.'

"लेकीची शपथ घेऊन सांगतो बाई, थेंबालाही शिवलेलो नाही," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

असं सगळेच म्हणतात, म्हणून बाईंनी पुढच्याला हाक मारली. पंधरा दिवसांत त्याची नोकरी गेली.

बारा वर्षांनी बाई एका मोठ्या इस्पितळात संशोधनाला लागल्या. विषय होता चेहरा असा लाल करणारा त्वचेचा आजार. त्याचं नक्की कारण अजून कुणालाच सापडलं नव्हतं; कुणी त्वचेतल्या बारीक किड्यांवर बोट ठेवत होतं, तर कुणी रक्तवाहिन्यांवर. आयुष्यात कधी दारू न प्यायलेल्यांनाही तो होतो, एवढं मात्र स्पष्ट होतं. हे वाचलं आणि बाईंना तो ड्रायव्हर आठवला.

डेपोतून पत्ता काढून त्या ड्रायव्हरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, चूक माझी होती. तो आजार होता. आता नव्या औषधाची चाचणी चाललीय, तुमचं नाव मी सगळ्यात आधी घालते," असं म्हणत त्यांनी घाईघाईने फॉर्म काढला आणि त्यावरचा पहिला प्रश्न विचारला, "दारू पिता?"

तो त्या कागदाकडे बघत म्हणाला,

"तेव्हा नव्हतो पीत, बाई."