नायिकेचं भांडण

“तुमची नायिका हल्ली भांडतच नाही हो,” संपादकबाई फोनवर कुरकुरल्या. “नुसती नायकाच्या होला हो मिळवते. विनोदी प्रेमकथा आहे ना ही?”

लेखक नायकाचं वाक्य मोठ्यानं वाचायचा आणि समोरच्या खुर्चीतून बायको फाडकन उत्तर द्यायची, तेच नायिकेचे संवाद. ती वारल्यापासून खुर्ची रिकामी होती.

आज त्याने खुर्चीकडे बघून पुन्हा वाचलं, “अगं, पंखा कमी कर. गारठलोय मी.”

भिंतीवरचं बटण खट्ट करून एकवरून पाचवर गेलं.

लेखकाचे दात वाजायला लागले. पण ‘तुझंच खरं’ म्हटलं तर भांडण मिटेल, या धास्तीने तो कुडकुडत ओरडला, “कमी कर म्हणतो ना!”