टबातली रेघ

भाड्याच्या घरातला तो जुना टब घासून घासून तिचे हात सोलवटले होते. सोडा झाला, व्हिनेगर झालं, दुकानदाराने छातीठोकपणे दिलेलं ॲसिडही झालं. पाणी साचून पडलेली ती तपकिरी रेघ संध्याकाळी जायची आणि सकाळी पुन्हा हजर!

"या मेल्या टबाने नुसता छळ मांडलाय माझा," ती नवऱ्यावर करवादली.

रेघ टबाला चारी बाजूंनी वेढून होती. फक्त उताराच्या बाजूला हातभर जागा तेवढी स्वच्छ.

"तिथे कुणीतरी पाठ टेकून बसत असणार," नवरा हसला. "पाठीमागे कसा पडेल डाग?"

तिला काडीचंही हसू आलं नाही. तिने टब पुसून कोरडा केला आणि नळाचं पाणीच मागच्या कॉकपासून बंद करून टाकलं. आता उमट म्हणावं!

सकाळी टब ठणठणीत कोरडा होता, आणि रेघ होतीच. तिचं डोकंच फिरलं. ब्रश घेऊन ती तरातरा आली, खाली बसली आणि नेहमीप्रमाणे त्या स्वच्छ जागेच्या कडेपासून घासायला गेली.

स्वच्छ जागा सापडेना. तिने बोट फिरवून पाहिलं. आज रेघ कुठेच तुटलेली नव्हती.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. हाक मारावी तसा मोठा नव्हे, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा हळू.

"दमलीस ना? टेक जरा पाठ."