किलकिले डोळे

डोळे मिटा म्हटलं की किलकिले करून बघायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. पालकसभेत समुपदेशक बाईंनी सगळ्या आईबापांना डोळे मिटायला सांगितलं, आणि तिला हसूच आलं.

नवरा गॅरेजमधून परस्पर आला होता. टेकता टेकताच त्याने विचारलं होतं, "पोरं?"

"मोठी बाहेर बाकावर आहे. तिला मागे ठेवून येईन का मी? दिवस कसले आलेत!"

धाकट्याला मात्र ती घरीच ठेवून आली होती. मुलाच्या जातीला कसली भीती?

"लहानपणी तुम्हाला कुणी नको तिथे हात लावला असेल," बाई म्हणाल्या, "तर फक्त हात वर करा. कुणी बघणार नाही."

तिने बघितलंच.

आधी वाटलं, लोकांना प्रश्न कळला नसावा. औषधांच्या दुकानवालीचा हात वर. पोस्टमनचा वर. मुलीच्या वर्गशिक्षिकेचासुद्धा. एवढे हात!

मग अगदी शेजारचा हात दिसला. नखांत ग्रीस अडकलेला. या माणसाचं आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं ती मैत्रिणींना छातीठोकपणे सांगायची.

"तो माणूस घरातला, विश्वासातला असेल, तर हात वरच ठेवा."

जेमतेम दोन-चार हात खाली आले. नवऱ्याचा वरच होता.

"अहो," ती त्याच्या कानाशी झुकली. "कोण?"

त्याने डोळे उघडले नाहीत. "मामा."

त्याचे मामा. त्याला सायकल शिकवणारे, घरात ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे ते. ते आले रे आले की हा धाकट्याला घेऊन बाहेर सटकायचा. पाहुण्यांजवळ घटकाभर बसवत नाही म्हणून ती दर वेळी त्याच्यावर करवादायची.

तिने त्याची बाही घट्ट धरली.

"धाकटा त्यांच्याजवळ आहे. आपणहून आले. म्हणाले, तू जा खुशाल, मी बघतो त्याला."

खुर्ची धाडकन आडवी झाली. तो दाराकडे धावला, ती त्याच्या मागे.

त्या आवाजाने सभागृहातले सगळे डोळे उघडले. हात खाली घ्यायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.