तिरका टाका

"मावशी, मागच्या आठवड्यातल्या या चाळीस कॉलरी तुमच्याच. सगळ्या बिघडल्यात. उसवा आणि संध्याकाळपर्यंत आणून द्या," सुपरवायझर म्हणाला आणि गठ्ठा तिच्या मांडीवर टाकून निघून गेला.

शर्टांच्या त्या कारखान्यात मावशीचं शिलाई मशीन सहा दिवसांपूर्वीच काढून घेतलं होतं. तेव्हापासून ती बाथरूमच्या दाराशी स्टुलावर बसून उसवत होती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई नजर चोरून जायची. सुपरवायझर मात्र रोज दुपारी न चुकता यायचा, टाइप केलेला राजीनामा घेऊन. "कशाला हाल करून घेता? सही करा आणि सुटा." साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा एकूण बेत. कंपनीने काढलं तर इतक्या वर्षांची भरपाई द्यावी लागली असती, आपणहून नोकरी सोडली तर ती हाती लागणार नव्हती, आणि या वयाच्या बाईला दुसरीकडे कोण दारात उभं करणार? मावशीला हे सगळं नीट कळत होतं. रडूही यायचं, पण ते ती घरी जाऊन उरकायची.

ती हळू होती, हे काही खोटं नाही. तासाला साठ कॉलरी हव्यात, तिच्या पंचेचाळीस व्हायच्या. कॉलरीच्या टोकाशी आली की ती एकदम वळायची नाही, मधे एक टाका तिरका घालायची. त्याने कॉलर उलटवल्यावर टोक कसं नेटकं निघतं. लाइनीतलं दुसरं कुणी हे करत नसे. एवढा वेळ आहे कुणाला?

दोन कॉलरी उसवून झाल्या, दोन्हींना तिचा तिरका टाका होता. तिसरीला मावशीचा हात थांबला. टोकाला तिरका टाकाच नव्हता. चौथीला नव्हता, पाचवीलाही नव्हता. मावशीने चष्मा पुसला, उसवायचं सोडलं आणि धान्य निवडावं तशी कॉलरी निवडत बसली.

सुटी व्हायच्या आधी ती सुपरवायझरच्या टेबलाशी गेली आणि दोन ढीग मांडले.

"या नऊ माझ्या. या एकतीस माझ्या नाहीत."

"कशावरून?"

तिने दोन्ही ढिगांतली एकेक कॉलर उलटी करून टोक दाखवलं. सुपरवायझर बघतच राहिला. इतकी वर्षं कॉलरी मोजण्यात गेली, टोकाकडे बघितलं होतं कधी? मग त्याने आवाज उतरवला. "बरं, मग कुणाच्या आहेत? नाव सांगा. उद्या तुमचं मशीन तुम्हाला परत."

मावशीला नाव ठाऊक होतं. शिवणीच्या शेवटी एवढा लांब दोरा सोडणारी अख्ख्या लाइनीत एकच. तासाला सत्तर काढते म्हणून सगळे तिला एक्सप्रेस म्हणत. ती चार हातांवरच बसली होती आणि तिच्या मशीनचा आवाज बंद पडला होता.

नाव अगदी जिभेवर आलं. एक शब्द, की उद्यापासून खुर्ची आपली. आणि स्टूल तिचं. मावशीने नाव गिळलं.

"ते शोधणं तुमचं काम. माझ्या नाहीत, एवढं मी सांगितलं."

सुपरवायझरचा चेहरा लालबुंद झाला. त्याने ड्रॉवरमधून राजीनामा काढून तिच्यापुढे सरकवला. "मग करा सही. माझ्याच्याने आता हे रोजचं होत नाही."

मावशीने कागद उचलला, पालथा केला आणि कोरी बाजू वर करून त्याच्यापुढे ठेवला.

"मी सोडून जाणार नाही. तुम्हाला मी नको असेन तर काढा. का काढताय ते इथे लिहा, तुमच्या अक्षरात. या एकतीस कॉलरींचंही लिहा. आणि खाली सही तुमची."

आता अख्खी लाइन कान देऊन ऐकत होती. सुपरवायझरने तावातावाने पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

मावशीने शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर ऐसपैस बसली.

"लिहा साहेब, सावकाश लिहा. हळू काम करणाऱ्याला मी कधी बोलत नाही."