पिवळं दार

आमच्या ओळीतली बाराही घरं एकमेकांना चिकटलेली आणि अगदी एकसारखी. दीडशे वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या विणकरांनी दारं हिरवी रंगवली, म्हणून आजही हिरवीच हवीत, हा नियम वारसा समितीचे अध्यक्ष असताना माझ्या बाबांनीच केला. आता बाबांना विसरायला होतं आणि फिरून आले की ते भलत्याच घरात शिरतात. शेवटी वैतागून मी आमचं दार पिवळंधमक रंगवलं, तर तिसऱ्या दिवशी समितीची नोटीस! “अहो, ज्यांनी नियम केला, त्यांनाच घर सापडत नाहीये,” म्हणत मी सचिवांपुढे तासभर डोकेफोड केली आणि सूट मिळवली. घरी येते तर बाबा दारापुढे हिरव्या रंगाचा डबा घेऊन उभे! “कुणी केला हा गाढवपणा?” करवादत त्यांनी शेवटचा हात मारला, ब्रश पुसला आणि “चहा टाक गं,” म्हणत शेजारच्या घरात शिरले.