करड्या चिठ्ठीवरचा शब्द

"बाई, ह्या शब्दाचा अर्थ काय हो?"

डेल्फिनाने नवऱ्याच्या मनगटाला बांधलेली करडी चिठ्ठी लोर्नाबाईंकडे वळवली. चिठ्ठीवर एकच इंग्रजी शब्द छापलेला होता. एक्स्पेक्टंट.

शाळेच्या हॉलमधल्या बास्केटबॉलच्या मैदानावर गाद्या अंथरल्या होत्या. सकाळी गावातल्या साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा भडका उडाला, तेव्हापासून जखमींना इथेच आणत होते. बर्फामुळे हायवे बंद होता. डेन्व्हरहून दोन हेलिकॉप्टर येत होती आणि एकेकाला उचलून नेत होती.

लोर्नाबाई अकरा वर्षं दर मंगळवारी कारखान्यातल्या कामगारांना इंग्रजी शिकवत आल्या होत्या. घरच्यांशी बोलायला ओळखीचं कुणी हवं, म्हणून त्यांना बोलावलं होतं. दारातच नर्सने त्यांना समजावलं होतं, "लाल चिठ्ठीवाले आधी जातील. पिवळे थांबू शकतात." मग तिने आवाज खाली आणला. "करडे आम्ही हलवणार नाही. ते जगायचे नाहीत. दुखणं कमी करतोय, तेवढंच. तुम्ही नुसत्या जवळ बसा."

हा शब्द बाईंनी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल. त्याचा असाही वापर होतो हे त्यांना आज कळलं. कळलं, पण आत काही हललं नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटत होते.

रुतिलिओने डोळे उघडले. चेहऱ्याला धक्का लागला नव्हता. मानेपासून खाली चादर पांघरलेली होती. तिकडे बाईंनी बघितलं नाही.

"बाई, आज गृहपाठ आणला नाही," तो पुटपुटला.

"तू आणतोस कधी?" बाई म्हणाल्या.

"सांगा ना," डेल्फिना अडून बसली. "त्यालाही कळू दे."

बाई गादीशेजारी बसल्या. वर्गातला आवाज आपोआप आला.

"एक्स्पेक्टंट. विशेषण आहे. काहीतरी चांगलं होणार म्हणून आशेने वाट बघणारा."

"वाक्यात वापरून दाखवा."

"मुलं एक्स्पेक्टंट चेहऱ्याने दाराकडे बघत होती."

"अजून एक."

"बाळाची वाट बघणाऱ्या आईला एक्स्पेक्टंट मदर म्हणतात."

रुतिलिओची नजर बायकोच्या पोटावर गेली. सातवा महिना होता. "म्हणजे आपण दोघंही एक्स्पेक्टंट," तो म्हणाला आणि हसायला गेला. "बघ, मी म्हणत नव्हतो? माझं काही खरं नसतं तर मला पहिल्यांदा उचललं असतं."

बाहेर हेलिकॉप्टरचे पंखे घरघरले. पलीकडच्या गादीवरच्या माणसाला चौघांनी उचललं. तो ओरडत होता.

"जाऊ दे बिचाऱ्याला," रुतिलिओ म्हणाला. "त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलंय."

हिला सांगायला हवं, बाईंच्या मनात आलं. बायको आहे. तिला काही बोलायचं असेल, काही विचारायचं असेल. आपण कोण तिच्यापासून लपवणारे?

"डेल्फिना, जरा बाहेर येतेस?"

"नंतर, बाई."

तिने फोन काढला आणि ग्वाटेमालात सासूला लावला. "आई, हा बोलतोय बघा," म्हणून तो नवऱ्याच्या कानाशी धरला. अकरा वर्षांत कानावर पडून पडून बाईंना तेवढं स्पॅनिश समजत होतं.

"अगं, रडतेस काय? रांगेत आहे मी. नंबर लागला की नेतील. बाईंनी सांगितलंय. होय, तीच शाळामास्तरीण. ती खोटं नाही बोलत."

बाई आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिल्या.

फोन ठेवल्यावर डेल्फिना म्हणाली, "मुलगी झाली तर पेत्रोनिला ठेवू."

"माझ्या आजीचं नाव? चार महिने नाक मुरडत होतीस!"

"आता आवडलं."

"लिहून दे. बाई साक्षीदार."

"मी साक्षीदार," बाई म्हणाल्या.

नर्स आली, सुई टोचून गेली. रुतिलिओ बराच वेळ नावच घोळवत होता. पेत्रोनिलाला इंग्रजी घरी शिकवायचं नाही म्हणाला, बाईंकडेच पाठवायचं. मग त्याला झोप लागली. चारच्या सुमारास त्याचा श्वास थांबला. इतका अलगद, की बाईंना आधी कळलंच नाही. डेल्फिनाला कळलं. तिनेच नर्सला हात केला.

नर्स चादर वर ओढून निघून गेली. डेल्फिना चादरीवर हात ठेवून बसली होती. ती रडत नव्हती.

"डेल्फिना," बाई म्हणाल्या, "मी तुला पूर्ण अर्थ सांगितला नाही. दवाखान्यातली माणसं तो शब्द वेगळ्या अर्थाने..."

"माहीत आहे, बाई. गेल्या हिवाळ्यात कारखान्यात अपघाताचं प्रशिक्षण झालं, तेव्हा सगळ्या रंगांचा तक्ता आमच्या लोकांसाठी स्पॅनिशमध्ये मीच लिहिला." तिने चादरीची सुरकुती नीट केली. "पण माझा चेहरा त्याला वाचता यायचा. म्हणून तुम्हाला विचारलं."